डबल बेसवाल्याला पोरगी कोण देणार?

माझ्या वाद्याला नगर जिल्ह्यातल्या दोन गावांनी मिळून एकच नाव ठेवलं असेल तर शपथ. कोपरगावात ते ‘बाप्या फिडल’ होतं, बेलापुरात ‘कपाट’, आणि आमच्या आईच्या तोंडी कायम ‘तुझं ते धूड’. खरं नाव डबल बेस. फिडलच्या खानदानातलं सगळ्यात थोरलं. उभं करायचं, मिठी मारायची आणि जाडजूड तारा बोटांनी ओढायच्या. ते माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि माझ्या दुप्पट रुंद होतं. ते पाठीवर घेऊन मी रस्त्यानं निघालो की मागून येणाऱ्याला मी दिसायचोच नाही. लोक कपाटालाच वाट विचारायचे.

बसमध्ये तर रोजची कटकट. कंडक्टर म्हणायचा, ‘टपावर टाका.’ मी म्हणायचो, ‘त्यापेक्षा मला टाका.’ एकदा खरंच मी टपावर बसून राहुरीपर्यंत गेलो आणि बेस आत, मागच्या बाकावर आडवा. राहुरीला उतरून आत बघतो तर एक म्हातारी त्याच्यावर ऐसपैस बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतेय. मी बोंबललो. ती शांतपणे म्हणाली, ‘बसू दे की बाबा घडीभर. लाकूड हाय, झिजतंय व्हय?’ टरफलं आतल्या भोकातून काढायला मला दोन दिवस लागले, आणि तरी पुढचा महिनाभर कुठलाही जोरदार सूर लावला की एखादं बाहेर पडायचं.

आता तुम्ही म्हणाल, नगरच्या माणसाला हे असलं खूळ सुचलं कुठून? मला सुचलं नाही हो. माझ्या गळ्यात पडलं. वडील कॅम्पातल्या साहेबलोकांच्या क्लबात आचारी होते आणि मी त्यांच्या हाताखाली कणीक मळायचो. वय वीस-एकवीस, शिक्षण मॅट्रिक नापास, तेही दोनदा. क्लबात दर शनिवारी नाच असायचा आणि त्याला एक गोवेकर मास्तरांचा बँड. एका शनिवारी त्यांचा बेसवाला वाद्य तिथंच ठेवून ‘लग्न करून येतो’ म्हणून गेला तो गेलाच. बायकोनं त्याला परत येऊ दिलं नाही म्हणे. मास्तर चिडून स्वयंपाकघरात चहा प्यायला आले. माझ्यासमोर पंचवीस माणसांची कणीक होती. मास्तर माझ्या हातांकडं बघत राहिले. कप खाली ठेवून म्हणाले, ‘बोटं दाखव.’ मी दाखवली, कणकेसकट. ‘ये,’ म्हणाले, ‘एवढाच जोर लागतो.’

त्यांनी मला जॅझ शिकवलं. जॅझ म्हणजे काय हे मला आजही धड सांगता येत नाही, पण मास्तरांनी पहिल्या दिवशी जे सांगितलं तेवढं पुरलं. ‘वाजवू नको. चाल. बाजारात भाजी आणायला माणूस जातो ना, तसा. डावा, उजवा, डावा, उजवा. वाटेत कुणी भेटलं तर मान हलव, पण थांबू नको.’ चार मात्रा, चार सूर, बस्स. चार वर्षं मी असा चाललो. मग मास्तरांनी चिठ्ठी देऊन मला मुंबईला धाडलं. एका हॉटेलात रोज संध्याकाळी आमचा पाच जणांचा बँड असायचा. तिथं दोन वर्षं मी जे वाजवलं ते आठवलं की अजून बोटं शिवशिवतात. मग एके दिवशी मालकांनी आमच्या स्टेजच्या जागी चार टेबलं मांडली आणि कोपऱ्यात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. ‘यंत्र सारखं चहा मागत नाही,’ असं ते म्हणाले. आमचा पियानोवाला मात्र दिवसाला अकरा कप प्यायचा, ते खोटं कशाला सांगू?

तर अशा रीतीनं एकाहत्तर साली मी आणि धूड, दोघं नगरला परत आलो. क्लबात शनिवारचे दोन तास जॅझ होतं. उरलेल्या सहा दिवसांचं काय? उरलेले सहा दिवस मी सर्वधर्मसमभाव वाजवला.

रविवारी सकाळी चर्चमध्ये गज घेऊन संथ सूर. गुरुवारी बेलापूरला भजन. तिथले बुवा पहिल्यांदा माझ्याकडं संशयानं बघत होते, पण दोन अभंगांनंतर त्यांनी पखवाजवाल्याला सांगून टाकलं, ‘तू उशिरा आलास तरी चालंल, कपाट येळंवर पायजे.’ पखवाजवाला त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात गळिताला मोळी टाकायच्या दिवशी कार्यक्रम होता. तिथं चेअरमनसाहेबांनी समोर उसाचा ट्रक उभा असताना मला विचारलं, ‘ह्यात किती टन मावतं?’ चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्यात वरताण म्हणजे तमाशा. एका फडमालकाचं आणि ढोलकीवाल्याचं भांडण झालं होतं, म्हणून त्यानं मला पंधरा दिवसांसाठी नेलं. कर्जतकडच्या एका गावात पहिलाच खेळ. मी बेस घेऊन बोर्डावर आलो आणि पब्लिक खूष. शिट्ट्या, फेटे हवेत. मला वाटलं, अखेर कदर झाली बाबा. मी वाजवत होतो आणि शिट्ट्या वाढत होत्या. अर्ध्या तासानं शिट्ट्या थांबल्या आणि मागून एक जण वैतागून ओरडला, ‘आरं, त्या कपाटातनं बाई कवा निघनार?’ तिसऱ्या दिवशी फडमालक मला बाजूला घेऊन अगदी गंभीरपणे म्हणाला, ‘तसं काय जमवता यील का वो?’ मी त्याच दुपारी नगरची गाडी धरली.

शेवटी स्थिरावलो ते लग्नाच्या बँडमध्ये. पण लग्नाचा बँड चालत वाजवतो आणि डबल बेस चालत नाही. आमच्या बँडमालकांनी तोडगा काढला. हातगाडी! गाडीवर बेस दोरीनं उभा बांधायचा, शेजारी मी उभा, आणि दोन गडी ढकलायला. अंगात लाल कोट, त्यावर सोनेरी झालर. उन्हाळ्यात त्या कोटात माणूस शिजायचा. एकदा पाथर्डीकडं वरातीत एका म्हाताऱ्या पाव्हण्यानं हरकत घेतली. ‘घोड्यावरच्या नवरदेवापरीस वाजंत्री उंच? हे कोन्च्या शास्त्रात बसतं?’ शास्त्रात बसवण्यासाठी मग मी गुडघ्यावर बसलो आणि मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत तसाच गेलो. गुडघे अजून बोलतात माझे.

हे सगळं सांगतोय ते रडगाणं म्हणून नाही. मला ते आवडायचं. राग एकाच गोष्टीचा यायचा. मी कुठंही वाजवलं, कसंही वाजवलं, तरी लोक पुढं पितळी कर्णा फुंकणाऱ्या कॉर्नेटवाल्याला म्हणायचे, ‘वा, काय वाजवलंत!’ आणि मला म्हणायचे, ‘लई जड असंल न्हाई?’

अशात ती आली.

आमच्या शेजारच्या काकूंकडं त्यांची भाची डी.एड. करायला राहायला आली. भाची कर्जतची, शेतकऱ्याच्या घरची. त्यांची आणि आमची भिंत एकच. मी सकाळी सातला सराव करायचो. एके दिवशी भिंतीवर टकटक झाली. मी थांबलो. परत टकटक, जास्त जोरात. म्हटलं, झालं, आता काकू येऊन शिव्या घालणार. माफी मागायला त्यांच्या दाराशी गेलो तर दारात ही, हातात पुस्तक.

‘थांबलात का?’ ती म्हणाली.

‘त्रास होत असेल म्हणून...’

‘अहो, मी त्या ठेक्यावर पाठ करतेय. बालमानसशास्त्र अर्धं झालंय. उरलेलं आता कशावर पाठ करू?’

संपलो मी. तिथंच, उंबऱ्यावर संपलो. सात-आठ वर्षांत माझं वाजवणं कुणाच्या उपयोगी पडल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होतो. घरी गेलो आणि दुपारी बारापर्यंत वाजवत बसलो. त्या वर्षी ती वर्गात पहिली आली, आणि त्यात निम्मा वाटा माझा आहे असं मी आजही धरून चालतो.

मी आईला सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला. ‘त्या धुडाला बघून कोण पोरगी देणार रे तुला?’ पण माय ती माय. तिनं काकूंना विचारलं, काकूंनी भावाला, म्हणजे मुलीच्या वडलांना, पोस्टकार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं, ‘घर बघायला येतो.’

आमच्याकडं मुलीचे वडील घर बघायला येतात ते खरंच बघायला येतात. विहीर वाकून बघतात, पाणी किती पुरुष खोल आहे ते विचारतात, बैलाच्या तोंडात हात घालून दात मोजतात. आमच्याकडं वाकून बघायला दोन खोल्या आणि सामाईक नळ. तिचे वडील आले, बरोबर तिचे चुलते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला फेटा, मिशी अशी की बोलताना एकही केस हलायचा नाही. सतरंजीवर बसले. मी वाकून नमस्कार केला आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं ‘मामा’ म्हणून समोर बसलो.

‘जमीन?’ त्यांनी विचारलं.

‘नाही, मामा.’

‘जनावरं?’

‘नाही.’

‘मंग करता काय?’

‘वाजवतो.’

‘ते कळलं. पर करता काय?’

आईनं स्वयंपाकघरातून घाईघाईनं चहा पुढं सरकवला. चुलते म्हणाले, ‘वाजवा तर खरं. बघू द्या.’ आणि मी उठलो. देवाशप्पथ सांगतो, त्या दिवशी मी जसं वाजवलं तसं मुंबईत कधी वाजवलं नव्हतं. माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. संथ चाल, जलद चाल, मास्तरांच्या खास जागा, हॉटेलात टाळ्या घेतलेले तुकडे. तासभर! दोघं मांडी घालून अगदी सभ्यपणे बसले होते. सुपारी कातरली. दुसरा चहा घेतला. मधेच चुलत्यांनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकलं.

थांबलो. घामानं निथळत होतो. तिच्या वडलांनी मिशीवरून हात फिरवला आणि फार आदबीनं विचारलं, ‘लागलं का?’

‘काय, मामा?’

‘वाद्य वो. लागलं आसंल तर व्हऊ द्या आता सुरू. आमाला चारची गाडी गाठायची हाय.’

त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणू? त्यांच्या गावच्या भजनात टाळ-वीणा-पखवाज जुळवायला अर्धा-पाऊण तास लागतोच, आणि शहाणी माणसं तोवर सुपारी कातरत गुमान बसतात. वाद्य लावणाऱ्याला मधे टोकू नये, हा रिवाज आहे. ती दोघं बिचारी रिवाज पाळत होती. माझा अख्खा जन्म त्यांनी वाद्य जुळवण्यात जमा केला.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘झालं की वाजवून.’

दोघा भावांनी एकमेकांकडं बघितलं. काकू तोंडाला पदर लावून आत पळाल्या. रडत होत्या की हसत होत्या, देव जाणे. चारची गाडी त्यांना आरामात मिळाली.

आठ दिवसांनी काकूंना पोस्टकार्ड आलं. काकूंनी ते मला वाचायला दिलं, कारण स्वतः वाचून दाखवायचा त्यांना धीर होत नव्हता. ‘मुलगा निर्व्यसनी आहे. घरची माणसे गरीब परंतु चांगली. तथापि वाद्य अद्याप लागत नाही. तासाभरात ज्याला वाद्य लावता येत नाही त्याचे पुढे कसे व्हावे? श्रीगोंद्याकडील ग्रामसेवकाचे स्थळ आले आहे. पुतण्याचे लग्न उरकले की त्यांस होकार कळवणार.’ आणि खाली, वेगळ्या शाईत, ‘मुलास आशीर्वाद.’

मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे रात्रीचं जेवलो, पण चव लागली नाही.

तिसऱ्या दिवशी ती नळावर भेटली. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. ‘मी त्यांच्यापुढं हट्ट धरला तर ते ऐकतील,’ ती म्हणाली. ‘लाडकी आहे मी. पण मग जन्मभर चारचौघांत सांगतील, पोरीच्या हट्टापायी न वाजवता येणारा जावई केला. ते मला सोसायचं नाही. तुम्हीच त्यांना वाजवून दाखवा.’

‘आणखी कसं? तासभर वाजवलं की!’

‘चुलतभावाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. बँड नगरहून आणणार आहेत. तुमचाच. नाव मीच सुचवलंय.’ कळशी उचलून ती निघाली आणि वळून म्हणाली, ‘आणि त्यांना कळेल असं वाजवा हो. नाहीतर मला ग्रामसेवकाचा चहा करावा लागेल.’

कळेल असं! म्हणजे काय, तर गाणं. ओळखू येईल असं गाणं. मी महिनाभर बेसवर चालीच्या चाली बसवल्या. हे म्हणजे बैलगाडीनं सुईत दोरा ओवायचा प्रकार. आमच्या गल्लीतली माणसं सोशिक, पण दुसऱ्या आठवड्यात गवळी दारात येऊन उभा राहिला. ‘म्हस अडलीय का? बोलवू का डॉक्टर?’ आई म्हणाली, ‘बोलव बाबा, पण म्हशीचा नको.’

लग्न वैशाखातलं. दुष्काळ सरून गेलेल्या वर्षातलं, त्यामुळं आदल्या साली खोळंबलेली सगळी लग्नं त्या उन्हाळ्यात दाटीवाटीनं उरकली जात होती. आम्ही ट्रकमधून कर्जतला उतरलो. बँड, हातगाडी, धूड आणि मी. लग्न गोरज मुहूर्तावर, आणि त्याआधी चारच्या सुमाराला नवरदेवाला घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत न्यायचं. तिचे वडील नवऱ्या मुलाचे थोरले चुलते, म्हणजे घरातले कर्ते. ते सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हात पाठीमागं बांधून, ताठ चालत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मागं बायकांच्या घोळक्यात मोरपंखी साडी होती. ती मात्र बघत होती.

मी सुरुवातच गाण्यानं केली. जोरात, तारा तुटतील असं. पुढून आमचे कॉर्नेटवाले मास्तर तोंडातलं कॉर्नेट काढून ओरडले, ‘अरे ए, माझ्या अंगावर काय येतोस? तुझं काम कर तू!’ मी ऐकतोय कुठला! दुसरी चाल घेतली. तेही गाणंच वाजवत होते, आणि मीही, पण दोघांची गाणी वेगळी. घोडा बिथरला. नवरदेवानं बाशिंग सोडून आयाळ धरली. ‘पुढच्या चौकात उतरवतो तुला!’ मास्तर किंचाळले. तेवढ्यात तिच्या वडलांनी मागं वळून बघितलं. गाडीवरच्या माझ्यावर त्यांची नजर दोन क्षण थांबली. मग ते आपल्या भावाच्या कानाशी लागले, आणि त्या गोंगाटातही मला त्यांच्या ओठांवरून स्पष्ट कळलं, ते काय म्हणाले ते.

‘आजून लावतोय.’

मेलो! संपलं सगळं. तो ग्रामसेवक, ती त्याच्यासाठी चहा गाळतेय, सगळं दिसलं. आणि मग मला राग आला. असला राग की विचारू नका. त्यांचा, माझा, त्या कॉर्नेटवाल्याचा, वाद्य टाकून बायकोकडं पळालेल्या त्या माणसाचासुद्धा. म्हटलं, गेलं गाणं खड्ड्यात. नाही कुणाला ऐकायचं तर नका ऐकू. आणि मी नुसता चालायला लागलो. डावा, उजवा, डावा, उजवा. चार मात्रा, चार सूर, आणि प्रत्येक सुरात ती सगळी चीड.

दोन मिनिटं झाली असतील. ढोल माझ्याबरोबर आला. झांजा आल्या. मास्तरांचं कॉर्नेट निवांत होऊन वर तरंगायला लागला. पोरंटोरं नाचतच होती, आता बापे नाचायला लागले. आणि गाडीवर उंच उभा असल्यामुळं मला सगळ्यांत आधी दिसलं, की पुढचा तो फेटा हलतोय. आधी थोडासा. मग पाठीमागचे हात सुटले. मग एक टाच उचलली. आणि मग, अहो, तिचे वडील नाचायला लागले! तोंडावर रेषा हलत नव्हती, कचेरीत सातबारा घ्यायला उभं राहावं तसं तोंड, आणि खाली पाय मात्र सुटलेले. रुमालाचं एक टोक दातात, एक हातात. बायका तोंडावर हात ठेवून बघत होत्या. ह्या माणसाला स्वतःच्या लग्नातसुद्धा कुणी नाचताना बघितलेलं नव्हतं.

मी इतका खूष झालो की समोरचं गटार मला दिसलं नाही. ढकलणाऱ्या गड्यांनाही दिसलं नाही, कारण ते नाच बघत होते. वेशीजवळ गाडीचं चाक गटारात गेलं. गाडी कलंडली, दोरी सुटली, आणि मी धुडाला वाचवायला खाली गेलो. म्हणजे आधी मी गटारात आणि वरून ते. मला लागलं, त्याला काही झालं नाही.

बँड पुढंच चालला होता. त्यांना पत्ताच नाही. कॉर्नेट वाजतंय, ढोल वाजतोय, झांजा वाजतायत. पण वीस-एक पावलांवर नाच विस्कटला. एक थांबला, दुसरा थांबला, माणसं एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागली. तिचे वडील एक पाय वर घेऊन तसेच उभे.

‘का रं, बंद का केलं?’ त्यांनी दरडावून विचारलं.

‘वाजतंय की, मामा!’ कॉर्नेटवाले मास्तर म्हणाले.

‘कुटं वाजतंय? पाय उचलंना. काय तरी थांबलंय.’

मग त्यांनी जे केलं ते फक्त शेतकरीच करू जाणे. विहिरीवरचं ऑइल इंजिन बिघडलं की हे लोक कान लावून एकेक भाग तपासतात, तसं त्यांनी सगळ्या बँडला ओळीत उभं केलं. वरात थांबली. मुहूर्ताची घाई करणाऱ्या भटजींना हातानंच गप्प केलं. ढोलाजवळ कान नेला. ‘वाज.’ ढोल वाजला. ‘हे न्हवं.’ झांजा. ‘वाज. हे न्हवं.’ क्लॅरिनेट. ‘हे न्हवं.’ कॉर्नेटवाल्या मास्तरांनी छाती फुगवून एक लांब तान घेतली. ‘हे तर न्हवंच न्हवं.’ असं करत करत ते मागं मागं येत गटाराच्या काठाशी आले आणि वाकले.

मी खाली उताणा. छातीवर बेस. लाल कोटाचा रंग सांगण्यासारखा राहिला नव्हता. मी पडल्या पडल्या जाड तार ओढली. धुम्.

त्यांनी डोळे मिटले. ‘परत.’

धुम्, धुम्, धुम्, धुम्. वरचा पाय आपोआप हलला.

‘हे!’ ते म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडं बघत राहिले. ‘आन् हे तुमी त्या दिवशी का न्हाई वाजवलं?’

‘मामा,’ मी गटारातून म्हणालो, ‘त्या दिवशी तासभर हेच वाजवलं.’

ते सरळ उभे राहिले. मग एकदम भावावर खेकसले, ‘मंग आपुन बसून काय ऐकत हुतो? हे काय बसून ऐकायचं हाय व्हय?’

त्यांनी धोतराचा काचा मारला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी गटारात उतरले, आधी बेस वर दिला, मग मला हात दिला, मग खांदा लावून गाडी वर काढली. मला वाटलं, आता गडी ढकलतील. पण गाडीचा दांडा त्यांनी सोडलाच नाही. मला वर चढवलं, दोरी स्वतः बांधली, बैलाला बांधतात तशी पक्की, आणि गाडी ढकलायला लागले. अख्खं गाव बघत होतं. कर्जतसारख्या गावात मोठ्या घरचा कर्ता माणूस वाजंत्र्याची गाडी ढकलतोय! भाऊबंद हसावं की पुढं व्हावं या विचारात जागच्या जागी उभे.

‘बघता काय?’ ते ओरडले. ‘लावा हात! जावई हाय आमचा!’

माझी बोटं थांबली. लगेच पुढं सगळ्यांचे पाय अडखळले. ‘आता काय झालं?’ मागून सासरे गरजले, ‘थांबू नगा की!’

काय झालं ते काय सांगणार, कप्पाळ? डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मागं मोरपंखी साडीवाली नाक लाल करून हसत होती. मी तसाच वाजवत राहिलो, पार मारुतीपर्यंत.